१८ हजारांत पहिली माउंटन बाइक: पैसे कुठे घालायचे

तुझा प्रश्न मी असा समजलो. उंची ५ फूट २ इंच, वजन ५४ किलो, घर इंदूरच्या लोकमान्य नगरात, नोकरी विजयनगरला. आठवड्यातले तीन-चार दिवस सायकलनं ऑफिस, आणि रविवारी मैत्रिणींबरोबर शहराबाहेर तिंछाचा धबधबा, चोरल, जमलं तर जानापावचा डोंगर. पैसे १८ हजार, हेल्मेट-पंपासकट, त्यावर एक रुपया नाही. पाहून ठेवलेल्या सायकली तीन. पहिली साडेतेरा हजारांची, लोखंडी, पुढेमागे शॉकर, डिस्क ब्रेक, २१ गिअर. दुसरी साडेचौदा हजारांची, अ‍ॅल्युमिनियमची, फक्त पुढे शॉकर, साधे व्ही-ब्रेक (चाकाच्या रिमवर रबर दाबणारे), तीही २१ गिअरची. तिसरी ऑफिसातल्या सहकाऱ्याची, तीन वर्षं वापरलेली, नावाजलेल्या कंपनीची, नऊ हजारांत. घरचे म्हणतात पहिली घे, कमी पैशांत जास्त मिळतंय.

दुसरी घे. पण नुसतं माझ्या सांगण्यावरून घेऊ नकोस. दुकानात उभं राहून तुझं तुलाच तपासता यावं म्हणून सगळं नीट सांगतो.

मी इंदुरात गेली चोवीस वर्षं सायकली दुरुस्त करतोय. सगळ्यात वाईट मला एका गोष्टीचं वाटतं: कुणीतरी हौसेनं, पैसे साठवून सायकल घेतो आणि चार महिन्यांत ती जिन्याखाली जाऊन पडते. घरचे म्हणतात आळशीपणा. मी ती सायकल बाहेर काढून बघतो तेव्हा दहातल्या सहा-सात वेळा दिसतं की ती त्या माणसाच्या मापाचीच नव्हती. पाठ दुखत होती, मनगटं दुखत होती, आणि ‘सायकल आपल्याला जमत नाही’ असं म्हणून त्यानं नाद सोडला.

म्हणून माझा हिशेब सरळ आहे. सायकलीत काही वस्तू नंतर बदलता येतात आणि काही येत नाहीत. सीट, पायडल, टायर, फ्रीव्हील (मागच्या दात्यांचा गठ्ठा), गिअरच्या तारा हे सगळं दोनशे-पाचशे करत, पगार होईल तसं बदलता येतं. फ्रेम बदलता येत नाही. फ्रेमचं माप बदलता येत नाही. फ्रेमवर कुठले ब्रेक बसतील आणि पुढे कुठला चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) बसेल, हेही फ्रेम बनली तेव्हाच ठरलेलं असतं. तुटपुंजे पैसे असले की ते आधी या न बदलणाऱ्या गोष्टींवर घालायचे. दुकानदार नेमकं उलटं दाखवतो, कारण गिअरचा आकडा आणि डिस्कची चकती लांबून चमकते, फ्रेमचं माप चमकत नाही.

माप घरीच घे. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभी राहा. एक जाड वही दोन्ही पायांच्या मध्ये धरून सीटवर बसल्यासारखी वर दाबून धर आणि वहीच्या वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलीची खूण कर. जमिनीपासून त्या खुणेपर्यंतचं अंतर म्हणजे तुझ्या पायाची आतली लांबी. तुझ्या उंचीला ती ७१-७२ सेंटिमीटर भरेल. समज ७२ भरली. तिला ०.८८३ नं गुणलं की ६३.६ येतात. क्रँकच्या, म्हणजे पायडल बसतात त्या दांड्यांच्या, मधोमध जो बोल्ट असतो, तिथून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत साधारण इतकं अंतर हवं. दुकानात टेप घेऊन जा. कुणी हसलं तरी हसू दे.

त्यानंतर सायकलवर दोन्ही बाजूंना पाय टाकून उभी राहा, टाचा जमिनीवर टेकलेल्या. जांघ आणि फ्रेमची वरची नळी यांत निदान ५ सेंटिमीटर, म्हणजे तीन बोटं आडवी, मोकळी जागा पाहिजे. दगडावर चाक अडून अचानक पाय टेकायची वेळ येते तेव्हा हीच जागा वाचवते. तुला १४ किंवा १५ इंची फ्रेम लागेल. काही कंपन्या तिला ‘एस’ म्हणतात. आपल्याकडे दुकानात समोर लावलेली असते ती बहुधा १७-१८ इंची, आणि ‘ताई, सीट खाली करून देतो’ असं सांगून तीच खपवतात. सीट खाली केल्यानं हँडल जवळ येत नाही. कोपर ताणलेलेच राहतात आणि विजयनगरला पोचेपर्यंत मानेत कळ भरते.

तुझ्या सहकाऱ्याची सायकल इथेच बाद होते. तू म्हणालीस तो ५ फूट १० इंचांचा आहे. त्याला बरोबर बसणारी फ्रेम तुला कधीच बसणार नाही, मग ती नऊ हजारांत मिळो की फुकट. सायकल चांगली आहे यात शंका नाही. ती त्याच्या मापाच्या माणसाला जाऊ दे.

चाकांबद्दल तू लिहिलं आहेस की २९ इंची चाक दगडांवरून छान जातं. जातं, पण लहान फ्रेमला ते बसवलं की पुढचं सगळं उंच होतं. तुला २६ किंवा २७.५ घे. वाटेतल्या सिमरोल गावच्या पंक्चरवाल्याकडे २६ ची ट्यूब हमखास मिळते, आणि अडचणीत तीच २७.५ च्या टायरमध्येही भागून जाते. ट्यूबचा वॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड आहे ना एवढं बघ, म्हणजे कुठल्याही पेट्रोल पंपावर हवा भरता येईल.

आता त्या डबल शॉकरबद्दल, कारण घरच्यांचा जीव तिच्यात अडकलाय. माझी पहिली गिअरची सायकल तशीच होती, म्हणून हे अनुभवानं बोलतोय. स्वस्त सायकलीत मागचा शॉकर म्हणजे एक जाड स्प्रिंग आणि तिच्याभोवती प्लॅस्टिकच्या बुशांवर हलणारे दोन सांधे. आत तेल नाही, हवा नाही, उसळी मारून परत येणाऱ्या स्प्रिंगला आवर घालायला काहीच नाही. स्प्रिंग घट्ट केली तर ५४ किलोच्या माणसाखाली ती हलतच नाही. सैल केली तर चढावर प्रत्येक पायडलला सायकल खाली-वर होते आणि चाकाकडे जायची ताकद स्प्रिंग दाबण्यात जाते. वर्षभरात बुश झिजतात आणि मागचं चाक शेपटीसारखं डुलायला लागतं. अशी सायकल १७-१८ किलो भरते, म्हणजे तुझ्या वजनाच्या तिसरा हिस्सा. ती चोरलच्या घाटातून वर आणायची आणि घरी जिन्यानंही चढवायची.

माझ्या त्या सायकलीनं तिंछ्याच्या वाटेवर दगा दिला तो मी अजून विसरलेलो नाही. एका खड्ड्यातून बाहेर आल्यावर मागचा टायर फ्रेमला घासायला लागला. उतरून पाहिलं तर चाक फ्रेममध्ये तिरकं, चेनच्या बाजूला झुकलेलं. सिमरोलपर्यंत ढकलत आणली, तिथून टेम्पोत टाकली. घरी चाक उघडलं तर एक्सलचे, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याचे, दोन तुकडे हातात आले. तुटलेलं तोंड उजेडात धरलं. निम्मा भाग काळा पडलेला, गंजाळलेला, आणि उरलेला निम्मा लख्ख चांदीसारखा. काळा भाग म्हणजे जुना तडा. कित्येक आठवडे तो आतल्या आत वाढत होता आणि त्या दिवशी उरलेलं निम्मं लोखंड एका दणक्यात गेलं.

असं होण्याचं कारण तुला कळावं, कारण दुकानातली ही एक तपासणी जवळजवळ कुणीच करत नाही. मागच्या दात्यांचा जो गठ्ठा असतो तो दोन प्रकारचा येतो. जुन्या पद्धतीत तो सबंध गठ्ठा, म्हणजे फ्रीव्हील, हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) आट्यांनी कसलेला असतो. त्यात उजव्या बाजूचे छर्रे हबच्या आत, फ्रेमपासून बरेच लांब राहतात. मधला एक्सलचा तुकडा आधाराविना लोंबतो आणि दणके त्यालाच बसतात. दुसऱ्या पद्धतीत, म्हणजे कॅसेटमध्ये, उजवे छर्रे फ्रेमच्या जवळ जातात आणि एक्सलला आधार मिळतो. ओळखायचं असं: मागचे दाते हातानं उलटे फिरव आणि मधोमध पाना घालायची जी खाचांची गोल जागा असते तिच्याकडे बघ. दाते फिरले आणि खाचा जागच्या जागी राहिल्या तर फ्रीव्हील. खाचाही दात्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट.

साडेचौदा हजारांच्या सायकलीत बहुतेक फ्रीव्हीलच निघेल. ५४ किलो वजन आणि उड्या मारायच्या नाहीत, म्हणजे तुला ते चालून जाईल. तुझा भाऊ ऐंशी किलोचा असेल आणि तो विचारत असेल तर त्याला मात्र कॅसेटसाठी आणखी दोन महिने थांब म्हणून सांग.

गिअर किती आहेत हा आकडा विसर. २१ पैकी बरेचसे एकमेकांसारखेच असतात. बघायचं ते एकच, सगळ्यात हलका गिअर किती हलका आहे. पुढच्या सगळ्यात लहान चकतीचे दाते मोज, मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीचे मोज, आणि पहिल्या आकड्याला दुसऱ्यानं भाग. पुढे २४ आणि मागे २८ असतील तर ०.८६ येतात. २६ इंची चाकावर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे पावणेदोन मीटर पुढे जाते. आता ‘स्टायलिश’ म्हणून मिळणाऱ्या, पुढे एकच ३६ दात्यांची चकती आणि मागे २८ असलेल्या सायकली बघ: १.२९, एका फेऱ्यात २.६६ मीटर. शहरात ते चालतं, घाटात गुडघे रडतात.

आणि घाट तुझ्या वाटेत आहेच. आपलं इंदूर माळव्याच्या पठारावर आहे, समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, आणि पठाराची कड आपल्या दक्षिणेला आहे. खंडवा रोडनं सिमरोल सोडून पुढे गेलं की रस्ता नर्मदेच्या बाजूला उतरायला लागतो. म्हणजे चोरलला जाताना सकाळच्या गारव्यात, ताज्या पायांनी उतार, आणि परतताना ऊन डोक्यावर, पाणी संपत आलेलं आणि समोर चढ. इंदूरच्या नवख्या सायकलवाल्याची फसगत नेमकी इथे होते. जाताना वाटतं किती सोपं आहे. जानापावला उलट आहे, समुद्रसपाटीपासून ८५४ मीटर उंच डोंगर आधी चढून जायचा, परतताना उतार. त्यामुळे तुझी दुसरी सायकल २४-२८ ची निघाली तर घे, आणि पुढे जमेल तेव्हा मागचं फ्रीव्हील १४-३४ दात्यांचं बसव. काही शे रुपयांचं काम आहे. भागाकार ०.७१ होतो आणि तोच घाट अर्धा वाटतो. मागच्या डिरेलरचा, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाचा, पिंजरा लांब असायला हवा, तेवढं घेतानाच विचारून ठेव.

ब्रेकच्या बाबतीत लोक म्हणतात डिस्क म्हणजे चांगले, व्ही म्हणजे जुनाट. कोरड्या रस्त्यावर, नीट जुळवलेला व्ही-ब्रेक तुझ्या वजनाला पुरून उरतो. त्या साडेतेरा हजारांच्या सायकलीवरच्या तारेच्या डिस्कपेक्षा तो मला कधीही जास्त भरवशाचा वाटतो. तसल्या डिस्कमध्ये एकच पॅड हलतो, चकतीला वाकवून दुसऱ्या पॅडवर दाबतो, आणि दर पंधरवड्याला जुळवावा लागतो.

पण आपल्याकडे एक गोष्ट वेगळी आहे, आणि ती म्हणजे काळी माती. ‘मालव माटी गहन गंभीर’ म्हणतात ते खरंच आहे. पाऊस पडला की ती फुगते आणि टायरला अशी धरते की दोनशे मीटरमध्ये चाक ताटाएवढं जाड होतं. मग ती व्ही-ब्रेकच्या दोन हातांमध्ये आणि चिमट्याच्या कमानीत गच्च भरते, चाक फिरायचंच थांबतं. डिस्कचा खरा फायदा माळव्यात हा आहे, की रिमपाशी माती अडकायला काही नसतं. शिवाय मातीतली कच रिमला कानशीसारखी घासत नाही.

म्हणून त्या दुसऱ्या सायकलीवर दोन जागा बघ. मागच्या चाकाच्या एक्सलजवळ, डाव्या बाजूला, फ्रेमवर दोन भोकांची पट्टी आहे का, आणि पुढच्या चिमट्यावर तशीच आहे का. आणि हबच्या डाव्या बाजूला सहा स्क्रूंची बैठक आहे का. दोन्ही असतील तर आज व्ही-ब्रेकनं काम भागव, वर्ष-दीड वर्षानं चांगले डिस्क बसव. नसतील तरी मी हीच घे म्हणेन, फक्त जून ते सप्टेंबर कच्च्या वाटेवर जाऊ नकोस. पावसाळ्यात तिंछाचा धबधबा बघायला डांबरी रस्त्यानं जा, पाणी चढलेलं असताना कड्याजवळ आणि प्रवाहात उतरू नकोस. तिथे माणसं वाहून गेली आहेत.

हँडलकडेही एकदा बघ. हँडल धरणारा दांडा चिमट्याच्या नळीला बाजूच्या दोन बोल्टांनी आवळलेला असेल तर पुढे चांगला चिमटा बसवता येतो. तो वरून नळीत खुपसलेला असेल आणि माथ्यावर एकच बोल्ट असेल तर तो जुना प्रकार, आणि मग जो शॉकर आला आहे त्याच्यावरच कायम समाधान. पुढच्या शॉकरकडून आत्ता फार अपेक्षा ठेवू नकोस. तुझा खरा शॉकर टायर आहे. २.१ इंची टायरमध्ये ऑफिसच्या दिवसांत ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, पंपाच्या काट्यावर दिसतं) हवा ठेव. कच्च्या वाटेवर पुढे २६ आणि मागे ३० पर्यंत उतरव. दुकानदार ६० भरून देतो, आणि मग लोक म्हणतात सायकल फार दणके देते.

पैशांचं असं मांड. सायकल साडेचौदा हजार. हेल्मेटला दीड हजार, आत ‘ईएन १०७८’ असा छापा बघून. हे ऐच्छिक नाही. पंप, एक जादा ट्यूब, पंक्चरच्या चकत्या आणि टायर काढायचे दोन लिव्हर मिळून आठशे. पुढचा-मागचा दिवा आणि कुलूप सातशे. उरलेले पाचशे हात न लावता ठेव, त्यांचं काम शेवटी सांगतो. मडगार्ड दुकानदाराकडून मागून घे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला आहे, तेव्हा पक्कं बिल घे आणि जुन्या किमतीचं लेबल असेल तर मोकळेपणानं विचार. बिलावर फ्रेमचा नंबर लिहून घे. तो क्रँकच्या खाली, सायकल उलटी केली की दिसतो.

मे-जूनमध्ये होस्टेलची मुलं सायकली विकतात. त्यात तुझ्या मापाची लहान फ्रेम मिळाली तर माझं मत बदलेल, कारण तिथे याच पैशात खूप चांगला माल मिळतो. जाताना इंचाची पोलादी पट्टी ने. चेनच्या एका पिनच्या मधोमध शून्य धर आणि चोविसावी पिन बघ. बरोबर १२ इंचांवर असेल तर चेन नवी. एक दोरा, म्हणजे इंचाचा आठवा भाग, पुढे गेली असेल तर चेन संपली आहे, आणि तिनं मागचे दातेही खाल्लेले असणार. त्याचे पैसे कमी करून घे. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलव, हँडलच्या बुडाशी कटकट जाणवते का बघ. दोन्ही क्रँक धरून आडव्या हलव. फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची असेल तर हँडलच्या खाली जिथे दोन नळ्या जोडल्या आहेत तिथली वेल्डिंग ओल्या फडक्यानं पुसून बारीक नजरेनं बघ. केसाएवढी रेघ दिसली तरी उठून ये. लोखंड वाकून इशारा देतं, अ‍ॅल्युमिनियम बहुधा देत नाही.

सायकल जोडली जात असताना तिथेच उभी राहा, विशेषतः पायडल बसवताना. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. घाईत कुणी ते सुलटं दाबून पान्यानं आवळलं तर क्रँकचे आटे सोलून निघतात, आणि ते लगेच कळत नाही. एका दुकानातून आलेली अगदी नवी सायकल माझ्याकडे तिसऱ्या दिवशी आली होती, डावं पायडल चालवता चालवता गळून पडलं होतं आणि मुलाची हनुवटी फुटली होती. पायडल आधी बोटांनी चार-पाच फेरे आत गेलं पाहिजे, मग पाना.

आणि ते पाचशे रुपये. नव्या चाकाच्या तारा (स्पोक) पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरमध्ये बसतात आणि सैल होतात, गिअरच्या केबलीही ताणतात. तुला वाटेल सायकल बिघडली. बिघडलेली नसते. साधारण महिन्याभरात कुठल्याही जाणत्या मेकॅनिककडे जा आणि दोन्ही चाकांचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढून, तारा एकसारख्या आवळून घे. तो तारेवर नखानं टिचकी मारून आवाज ऐकत असेल तर योग्य माणसाकडे आली आहेस असं समज. एका बाजूच्या सगळ्या तारा जवळजवळ एकाच सुरात वाजायला लागल्या की पैसे दे आणि तिंछाला जा.